लंडन बघताना गुडघ्यांना विचारा

मंडळाच्या कोजागिरीला किंवा कुणाच्या लग्नात भेट झाली की हल्ली मला एक प्रश्न हमखास येतो: "लंडनला पाच दिवस आहोत, काय काय बघून होईल?" कंपनीच्या प्रोजेक्टसाठी मी नऊ महिने तिथे राहून आलो आणि २०२५ च्या जूनमध्ये आई, बाबा आणि मावशी तिकडे येऊन गेले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये यादी बहुतेक आधीच तयार असते. त्याला माझ्याकडून फक्त क्रम हवा असतो. मी मात्र आधी विचारतो, "बरोबर कोण कोण आहे?"

आमच्या बाबांनीही यादी केली होती. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे यादी कसली, टाइमटेबलच होतं ते. सहा दिवसांत एकतीस ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. मावशीने ती वाचून "जेवायला कधी थांबायचं?" एवढंच विचारलं. आई काहीच बोलली नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय आणि ती ते दोन वर्षं पुढे ढकलतेय. ती तक्रार करत नाही, हीच खरी अडचण. दुखलं तरी चालत राहते आणि रात्री खोलीवर आल्यावर पाय वर घेऊन बसते. पासष्टीनंतरचा परदेश प्रवास आपल्या घरांत बहुधा एकदाच होतो. तो नुसता दुखऱ्या पायांच्या आठवणीत जाऊ नये असं मला वाटत होतं.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट सगळ्यांना माहीत असते: साखळीतला सगळ्यात हळू भाग जेवढा चालेल, तेवढीच सगळी साखळी चालते. बाकीचे कितीही वेगवान असोत. फिरायला जाताना तेच. घरातल्या सगळ्यात कमजोर गुडघ्यांनी दिवसभरात किती चालायचं आणि किती जिने चढायचे, ते आधी ठरवा आणि मग नकाशा उघडा.

लंडनमध्ये हा हिशेब जास्तच लागतो, कारण तिथली भुयारी रेल्वे जगात सगळ्यात जुनी. १८६३ साली सुरू झाली, तेव्हा लिफ्ट कुठून असणार? आज २७२ स्टेशनं आहेत, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच जिना न चढता फलाटापर्यंत जाता येतं. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं, ते नीट बघा. चिन्ह निळ्या गोलात असेल तर रस्त्यापासून थेट गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात असेल तर फलाटापर्यंत पायरी नाही, पण डब्यात चढताना थोडी उंची असू शकते. कॉव्हेंट गार्डन स्टेशनला १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. लिफ्ट आहे, पण तिथे गर्दी झाली की उत्साही मंडळी "चला, जिन्यानेच जाऊ" म्हणतात. तुम्ही लिफ्टच्या रांगेत शांत उभे राहा. पॅरिसला जाणार असाल तर तिथे परिस्थिती आणखी अवघड आहे. तिथल्या मेट्रोची फक्त १४ नंबरची लाइन पूर्णपणे बिनपायऱ्यांची आहे.

म्हणून हॉटेल निवडताना "शहराच्या मध्यभागी" हा निकष मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला निकष, जवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे का? २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर आहे. मी पूर्वेकडे वूलिचला राहायचो. तिथून ही गाडी थेट शहराच्या मध्यात आणि पुढे थेट हीथ्रो विमानतळापर्यंत जाते. मोठ्या बॅगा घेऊन गाडी बदलायची नाही, जिना नाही. मध्यभागातल्या लहानशा खोलीच्या पैशांत तिथे बरी मोठी खोली मिळते, खाली दुकानं असतात आणि संध्याकाळी नदीकाठी बसता येतं.

शहरात फिरायला मात्र बस. लाल दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पहिली सीट मिळाली तर वेगळ्या टूर बसचे पैसे वाचले असं समजा. १५ नंबरची बस ट्रॅफल्गर चौकाकडून सेंट पॉल कॅथेड्रलवरून टॉवर ऑफ लंडनला जाते. ९ नंबरची हाइड पार्कच्या कडेने, आल्बर्ट हॉलवरून जाते. भाडं आम्ही होतो तेव्हा १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी परत पैसे लागत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांना वरचा मजला जमत नसेल तर खालच्या पुढच्या सीटा ज्येष्ठांसाठीच आहेत, आणि लोक खरोखर उठून जागा देतात. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. प्रत्येकाचं स्वतंत्र कार्ड हवं. एका कार्डावर दोघं चालत नाहीत. आणि सकाळी कार्ड लावलं असेल तर दिवसभर तेच कार्ड लावा. मध्येच मोबाइल लावला तर यंत्र तो वेगळा माणूस धरतं, आणि दिवसाची कमाल भाड्याची जी मर्यादा असते तिचा फायदा जातो. आपल्या साध्या बँक कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतं. म्हणून निघण्याआधी प्रत्येकासाठी पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड काढून घ्या. मुलं ११ वर्षांखालची असतील तर बसमध्ये त्यांचं भाडं नाही.

आता बघायचं काय? ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट ही सगळी फुकट आहेत. फुकट असण्याचा मोठा फायदा पैशांचा नाही. तिकीट काढलेलं नसलं की "पैसे वसूल करायचे" हे ओझं राहत नाही. दोन तास बघा, बाहेर या. बऱ्याच संग्रहालयांत हातात धरून नेता येणाऱ्या घडीच्या खुर्च्या मिळतात, मागायला लाजू नका. आईने पहिल्या दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतःसाठी घेतली आणि मग दोघी आलटून पालटून त्याच खुर्चीवर. ब्रिटिश म्युझियममध्ये सगळे रोझेटा शिलेकडे धावतात. तिथे नंतर जा, आधी अमरावतीच्या शिल्पांचं दालन बघा. आमच्या मावशीचं माहेर-सासर दोन्ही विदर्भातलं, ती "आपली अमरावती!" म्हणून खूश झाली. ही आंध्रातली अमरावती, सांगावं लागलं. पण शिल्पं बघून झाल्यावर तिची तक्रार राहिली नाही.

एखादी विशिष्ट वस्तू बघायचीच असेल तर ती सध्या मांडलेली आहे का, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासून जा. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये वाघनखं कुठे आहेत, असं बाबा विचारत होते. ती २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. म्हणजे आम्ही बडोद्याहून लंडनला गेलो आणि वाघनखं आमच्या आधीच उलट्या दिशेने निघून आलेली. हीच ती अफझलखानाच्या वेळची, याचा खात्रीचा पुरावा नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. बाबांना हे काही पटलं नाही.

तिकिटाचं एकच ठिकाण निवडायचं तर मी टॉवर ऑफ लंडन निवडेन. सकाळी दार उघडतानाच पोहोचा आणि सरळ राजमुकुटांकडे जा. दुपारी तिथे लांब रांग होते. कोहिनूर राणीमातेच्या मुकुटात आहे आणि मुकुटांच्या काचेच्या पेटीपुढे सरकता पट्टा आहे. उभं राहायचं, पट्टा आपल्याला पुढे नेतो. मावशी या हिऱ्यासाठीच लंडनला आली होती. पहिल्या फेरीत "एवढासाच?" म्हणाली, मग मागे फिरून आणखी दोनदा पट्ट्यावर उभी राहिली. आत खडबडीत दगडी रस्ते आणि अरुंद जिने आहेत. सगळे बुरूज चढायलाच हवेत असं नाही. लंडन आय मी सोडून द्यायला सांगतो. अर्ध्या तासाच्या एका फेरीसाठी चौघांचे जेवढे पैसे जातात, त्यात दोन दिवसांचं जेवण होतं. उंचावरून शहर बघायचंच असेल तर स्काय गार्डन फुकट आहे, फक्त आधी वेळ आरक्षित करावी लागते. किंवा मग प्रिमरोज हिल.

या टेकडीवरून मी त्या सहा दिवसांतल्या माझ्या आवडत्या दिवसाकडे येतो. बाबांची यादी बाजूला ठेवल्यावर मी प्रत्येकाला एकच विचारलं होतं, "तुम्हाला स्वतःला कशासाठी इतक्या लांब यायचंय?" मावशीचं उत्तर कोहिनूर. बाबांचं बेकर स्ट्रीट स्टेशन, शेरलॉक होम्ससाठी नव्हे, तर १८६३ चे मूळ फलाट तिथे अजून वापरात आहेत म्हणून. आपल्या गायकवाडी राज्यातली डभोई–मियागाम ही छोटी लाइन १८६२ ची, सुरुवातीला गाडी बैल ओढायचे. "आपण एक वर्ष आधी," हे वाक्य बाबा गेली चाळीस वर्षं पाहुण्यांना ऐकवत आलेत, त्यांना ते एकदा त्या फलाटावर उभं राहून म्हणायचं होतं. आणि आईला किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघायचं होतं, जिथे १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर राहिले. आईने बडोद्याच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला.

नकाशावर बघितलं तर बेकर स्ट्रीट, रीजंट्स पार्क, प्रिमरोज हिल आणि ते घर एकाच रेषेत दक्षिणेकडून उत्तरेकडे लागतात. मोठं शहर असंच बघावं, एका दिवशी एकच भाग. सकाळी लंडनच्या एका टोकाला आणि दुपारी दुसऱ्या टोकाला गेलं की दिवसाचे तीन तास जमिनीखाली जातात.

बेकर स्ट्रीटच्या त्या फलाटांवर जायला पायऱ्या आहेत. आम्ही दोन गट केले. आई आणि मावशी रीजंट्स पार्कात क्वीन मेरीज गार्डन्सच्या बाकावर बसल्या. जूनमध्ये तिथे हजारो गुलाब फुललेले असतात. मी आणि बाबा फलाटावर गेलो. विटांच्या कमानी, छताकडे जाणारे तिरके झरोके, धुरापायी केलेले. बाबांनी तिथे सात गाड्या जाऊ दिल्या. चौघांनी सगळं एकत्रच बघायला हवं, हा आपल्याकडचा हट्ट सोडला की अर्धी दगदग कमी होते.

मग २७४ नंबरची बस घेऊन प्राणिसंग्रहालयाजवळ उतरलो. प्रिमरोज हिल म्हणजे आपल्या पावागढच्या मानाने उंचवटाच म्हणायचा, साठेक मीटरचा. वाट फरसबंद आहे, पण चढ आहे. आईला वर जायला पंचवीस मिनिटं लागली, मध्ये तीनदा बसली. वर पोहोचल्यावर सेंट पॉलच्या घुमटापासून सगळं शहर समोर. आम्ही ठेपले काढले. तासभर तिथेच होतो.

घर टेकडीच्या पलीकडच्या बाजूला, चालत काही मिनिटांवर आहे. एका रांगेतलं, शेजारच्या घरांसारखंच घर, भिंतीवर निळी गोल पाटी. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. संग्रहालयाला स्थानिक पातळीवर परवानगी नाकारली गेली होती, काही शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. शेवटी २०२० मध्ये ती मिळाली. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघा. आत छायाचित्रं आहेत, पुस्तकं आहेत. जिना अरुंद. आई कठडा धरून एकेक पायरी चढली. तिला मी थांबवलं नाही.

बडोद्याच्या मुलांना पुढची गोष्ट माहीत असायला हवी, पण उजळणी करतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले. या शहरात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. एका पारशी वसतिगृहात उतरले, तिथूनही जात कळल्यावर हाकललं. कामाठीबागेत झाडाखाली बसले आणि शहर सोडून गेले. १९२० मध्ये ते परत लंडनला आले, अभ्यास पुरा करायला.

वरच्या खोलीत आई खिडकीजवळ थांबली होती. बाबांना म्हणाली, "१९१७ मध्ये आपला दांडिया बाजारातला वाडा होता ना?"

"होता की. आजोबांनी बांधला त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील."

"पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे."

"द्यायचे," बाबा म्हणाले.

आणखी कुणी काही बोललं नाही. बाबा खाली उतरून बाहेर गेले आणि पाटी वाचत उभे राहिले. चार ओळींची पाटी, वाचायला किती वेळ लागणार? ते बराच वेळ तिथे होते. कामाठीबागेतल्या त्या जागेवरून मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलोय. शाळेची सहलही गेली होती. पण ते झाड आणि आमच्या वाड्यातल्या पुढच्या दोन खोल्या यांचा संबंध घरात कुणी कधी लावला नव्हता. त्या रात्री जेवताना बाबांनी त्या खोल्यांत कोण कोण राहून गेलं ते आठवून सांगितलं. नवसारीकडचे एक कारकून, रत्नागिरीचे गायन शिकवणारे मास्तर, एक वैद्य. "सगळे आपल्यातलेच," मावशी म्हणाली. बाबांनी फक्त मान हलवली.

टूर कंपन्यांच्या बसमधून हे घर सहसा दाखवत नाहीत. तुम्ही जा. मुलांना न्या.

खाण्याचं सांगतो. यूस्टन स्टेशनामागे ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी दाक्षिणात्य जेवण आणि भेळपुरी मिळते, ब्रिटिश म्युझियम किंवा ब्रिटिश लायब्ररी बघून तिथे जाणं सोयीचं. वेंबलीच्या ईलिंग रोडवर तर दुकानदार आपल्याशी गुजरातीतच बोलतात. आमच्या मावशीला तिथे लंडनला आल्यासारखं वाटेना. डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळाचं महाराष्ट्र भवन आहे. ते मंडळ १९३२ सालचं. कार्यक्रम असेल त्या दिवशी गेलात तर मराठी कानावर पडेल. बडोद्याहून नेताना लीलो चेवडा, खाखरे, ठेपले चालतात. पेढे, श्रीखंड, तूप नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे मनाई आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, नळाचं पाणी पिण्याचंच असतं. स्वच्छतागृहाची चिंता ज्येष्ठांना सगळ्यात जास्त असते आणि ती ते सांगत नाहीत. मोठी रेल्वे स्टेशनं आणि संग्रहालयं इथे ती फुकट आणि चांगली आहेत. बाहेर पडण्याआधी प्रत्येक वेळी जाऊन या. मोबाइल फुटपाथच्या कडेला उभं राहून हातात धरू नका. सायकलवरून येऊन हिसकावतात. नकाशा बघायचा तर भिंतीकडे तोंड करून बघा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांची.

ऋतूचाही विचार करा. जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी दोन तास खोलीवर झोपून परत बाहेर पडता येतं. आम्ही रोज तेच केलं. डिसेंबरमध्ये चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा हा बेत जमत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट उशिरापर्यंत उघडी असतात, आणि गर्दीही उतरलेली असते.

सहावा दिवस मी मोकळा ठेवला होता. बाबांच्या यादीतली वीसेक ठिकाणं राहिली होती, तरी त्यांनी ती काढली नाही. वूलिचहून थेम्सच्या पलीकडे जाणारी फेरी बोट आहे. १८८९ पासून ती फुकट आहे. गाड्या, ट्रक, माणसं सगळी त्यातून जातात, पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. पलीकडे बघण्यासारखं फारसं काही नाही. आई-बाबा त्या सकाळी त्या बोटीतून पाच वेळा इकडून तिकडे गेले. मावशी किनाऱ्यावरच्या बाकावर उरलेला चेवडा घेऊन बसली होती आणि प्रत्येक वेळी हात हलवत होती.